सहा फुटांवरची मासोळी

डोमाजीचं डोकं सकाळी आठलाच तापलं होतं. कारण नेहमीचंच, मधुकररावांचं तोंड. "डोमाजी, हळू. आता जरा जोरात. अरे, लय जोरात झालं, मासोळी वर आली."

ही मासोळी प्लास्टिकची. सेलूच्या एका कचेरीत तीस वर्षं बाबूगिरी करून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी ती दोरीला बांधून तलावात डोंग्यामागे ओढत फिरायचं खूळ घेतलं होतं. आणि ती पाण्याखाली बरोबर सहा फुटांवर चालली पाहिजे, हा हट्ट. उन्हाळ्यात मासे तिथेच असतात म्हणे. डोंगा जोरात गेला की ती वर यायची, मंदावला की खाली जायची, आणि थांबला की थेट तळाशी. तळाला बुडालेल्या बाभळींची खोडं. त्यात मासोळीचा गळ अडकला की दोरी तोडण्यावाचून इलाज नाही.

डोमाजी मिसरूड फुटायच्या आधीपासून या तलावात वल्हं मारत होता. जाळं टाकावं, मासे काढावे, घरी जावं. माशांपुढे खेळणं नाचवण्यात त्याला काडीचा अर्थ दिसत नव्हता. पण दोन वर्षांपूर्वी त्याचा उजवा खांदा कामातून गेला, जाळं ओढवेना, आणि बरोबरच्यांनी त्याला गोड बोलून बाजूला सारलं. मधुकररावांना डोंग्यातून फिरवणं, पाण्यावरचं हे एकच काम त्याच्याकडे उरलं होतं. त्यातही परवा मधुकररावांनी बजावलं, "तुही चाल अशीच राह्यली तर मी मोटर लावतो डोंग्याले. मोटर कशी, एका चालीनं चालते."

मोटर आली की वल्हं गेलं, आणि वल्ह्याबरोबर डोमाजीही घरी. म्हणून खांद्याचं त्याने कोणाला कळू दिलं नव्हतं. दुखणं असह्य झालं की तो वल्हं मांडीवर घ्यायचा, खिशातून सुपारी-तंबाखूच्या खर्र्याची प्लास्टिकची पन्नी काढायचा आणि तळहातांमध्ये घोटत बसायचा. खर्रा घोटायला थांबलेल्या माणसाला वर्धा जिल्ह्यात कोणी जाब विचारत नाही.

मधुकरराव मात्र विचारत. "झाला का पुन्हा सुरू?"

"दोन मिन्टं, बाबूजी."

"तुह्या दोन मिन्टात माही मासोळी बाभळीत जाते ना बावा."

गेलीच. मधुकररावांनी गळाची काठी डावीकडे ओढली, उजवीकडे ओढली, आणि दोरी तुटली. सकाळपासूनची ही तिसरी मासोळी. आता मोटरचं निघणार, म्हणून डोमाजी मान खाली घालून पन्नी घोटत राहिला.

"डोमाजी, हा चौथा खर्रा. तू एकदाबी थुंकला नाईस."

डोमाजीचे हात थांबले.

"गिळून राह्यला का?"

"सोडला जी. डॉक्टरनं सांगतलं. पाच मह्यने झाले."

"मंग हे काय घोटून राह्यला?"

डोमाजीला एकदम संताप आला. मधुकररावांचा आला, खांद्याचा आला, आणि पोरासारख्या लपवाछपवीचा तर सगळ्यात जास्त. "खांदा गेला माहा. मधून थांबलो नाई तर हात वर होत नाई. लावा आता तुमची मोटर."

मधुकररावांनी डबा पुढे ओढला. डब्यात बराच वेळ खुडबुड करून त्यांनी दुसरीच मासोळी काढली. हिच्या हनुवटीला काचेसारखी पातळ पट्टी होती. "हे तरंगते. ओढली की डुबकी मारते, सहा फुटांवर जाते. डोंगा थांबला की आपोआप वर येते."

डोमाजी बघतच राहिला. "हे पह्यलेपासून होती तुमच्यापाशी?"

"होती."

"मंग दोन साल माहं डोस्कं काऊन खाल्लं जी?"

"मले वाटे, तू खर्र्यापायी थांबतं." मधुकररावांनी गाठ दातांनी आवळली. "खर्र्यापायी मी माही मासोळी काऊन बदलू?"

 डोमाजीने वल्हं उचललं. पन्नास-साठ हात गेल्यावर खांदा ठणकला, आणि त्याने वल्हं मांडीवर घेतलं. हात सवयीने खिशाकडे गेला आणि अर्ध्यातूनच परत आला. दोन वर्षांत पहिल्यांदा तो दुसऱ्या माणसासमोर नुसता, रिकाम्या हातांनी बसला. त्याला फार लाज वाटली, आणि फार बरं वाटलं.