बेपत्ता होण्याचा सल्ला

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्यातला, हे विचार करून सांगावं लागतं. गोंदियाजवळच्या मुर्रीची ती बाई ठाण्यात आली तो दिवस मात्र अजून जसाच्या तसा आठवतो.

गोंदियातली ती माझी शेवटची नेमणूक. लॉकडाऊन उठला होता, पण धंदे रुळावर आले नव्हते. बाईचा नवरा बिछायत केंद्र चालवायचा. म्हणजे लग्नाकार्याला मंडप, खुर्च्या, भांडी भाड्यानं द्यायचा. त्यानं फायनान्सवर नवा मंडप घेतला आणि लगेच लग्नं बंद झाली. हप्ते थकले, ते फेडायला दुसरं कर्ज काढलं. वसुलीवाले दारात बसू लागले आणि एक दिवस तो घरातून निघाला तो परतलाच नाही.

ठाणे अंमलदारानं माणूस हरवल्याची तक्रार, आमच्या भाषेत मिसिंग, दाखल केली. उंची, बांधा, अंगावरचे कपडे, सगळं तिनं न अडखळता सांगितलं. मग माझ्या टेबलाशी येऊन विचारलं, "साहेब, याची शिक्क्याची नक्कल भेटंल का जी?"

हरवलेल्या माणसाचे नातेवाईक मी शेकड्यांनी पाहिलेत. ते पहिल्यांदा विचारतात, आता तुम्ही काय करणार? कुठे शोधणार? नक्कल त्यांना नंतर आठवते, बहुतेकांना आठवतही नाही. या बाईनं शोधाबद्दल अवाक्षर काढलं नाही. मी नक्कल दिली आणि ही गोष्ट मनात ठेवली.

पहिला संशय अर्थातच वसुलीवाल्यांवर होता. दोघांना बोलावून जबाब घेतले. ते स्वतःच घाबरलेले होते. मिसिंगची नक्कल बाईनं त्यांच्या तोंडासमोर धरली होती आणि त्या दिवसापासून ते मुर्रीकडे फिरकले नव्हते. माणूस उचलून नेणाऱ्याची भीती वेगळी असते. ही नोकरी जाईल म्हणणाऱ्याची भीती होती. मी त्यांना सोडून दिलं.

खबर आली ती एका पानठेल्यावरून. आमचा डीबीचा, म्हणजे गुन्हे शोध पथकाचा, हवालदार तिथे रोज उभा राहायचा. ठेलेवाला त्याला म्हणाला, "तो बिछायतवाला ना? ऊपर कर्ज़मुक्ति वाले के पास आता था. चढताना मान खाली. उतरून आला का मग हसून पान मागे."

बाजारात त्या ठेल्याला लागून असलेल्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर एका माणसानं कर्जमुक्ती सल्ला केंद्राची पाटी लावली होती. पूर्वी हाच एका फायनान्सचा वसुलीवाला होता. मी बोलावल्यावर इस्त्रीचा शर्ट घालून आला. "आए थे साहब, सलाह ली, चले गए. आदमी कहाँ गया, मुझे क्या पता?" त्याला हात लावायला माझ्याकडे पुरावा नव्हता.

त्याच आठवड्यात वायरलेसवर संदेश आला. दवनीवाड्याच्या बाजूला वैनगंगेत अनोळखी पुरुषाचा मृतदेह मिळाला होता. वय आणि बांधा आमच्या मिसिंगशी जुळत होता. अशा वेळी नातेवाइकांना ओळख पटवायला बोलावणं हे नेहमीचं काम. मी महिला शिपायाला घेऊन मुर्रीला गेलो आणि बाईला शक्य तितक्या हळू सांगितलं.

इतके दिवस शांत असलेली ती बाई भिंतीला धरून खाली बसली.

"ते कसे रायतीन तिथं?" ती म्हणाली. "ते तं नवेगावले आहेत जी! परवाच दुसऱ्याच्या फोनवरून बोलले ना माझ्यासंग. नदीकडे कायले जातीन?"

मग तिला कळलं आपण काय बोललो ते. पण त्या घडीला तिला खोटं उघडं पडल्याची पर्वा नव्हती. ती एकच म्हणत राहिली, "आधी फोन लावा साहेब, आधी फोन लावा."

फोन लावला. पलीकडून तिच्या नवऱ्याचा आवाज आला. तो ऐकताच तिनं फोन माझ्या हातात दिला. पुढचं मीच बोललो.

नवेगाव बांधच्या तलावाकाठी एका ओळखीच्या मासळीवाल्याकडे तो बर्फ फोडायचं काम करत होता. आम्हाला पाहून पळाला नाही. हात पुसत आला आणि पहिला प्रश्न त्यानंच केला, "साहेब, झालो का मी दिवाळखोर?"

हा शब्द मी आयुष्यभर शिवीसारखा ऐकलेला. इतक्या आशेनं तो उच्चारणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

सल्लागारानं त्याला सांगितलं होतं की दिवाळखोरीचा नवा कायदा आलाय आणि मोठ्या कंपन्यांसारखी आता लहान माणसाचीही कर्जं धुऊन निघतात. अर्ज कोर्टात लागलाय, फक्त निकालापर्यंत कुणाच्या नजरेला पडायचं नाही. बायकोनं मिसिंग द्यायची आणि नक्कल वसुलीवाल्यांना दाखवायची. फी म्हणून बायकोचं मंगळसूत्र आणि पाटल्या गेल्या होत्या. हातात कोर्टाच्या शिक्क्याचा एक कागद होता, तो बनावट निघाला. अर्ज कुठेच लागलेला नव्हता.

मी सरकारी वकिलांकडे गेलो. त्यांनी नीट समजावलं. नवा कायदा कंपन्यांसाठी चालू आहे. एकट्यादुकट्या दुकानदारासाठी, साध्या कर्जदारासाठी जो भाग लिहिला, तो पुस्तकात आहे, लागू केलेला नाही. तोवर इंग्रजांच्या काळचा जुना कायदा आहे. "जुन्या कायद्यात घर सोडून लपणं ही दिवाळखोरीची एक खूण मानलीय," ते म्हणाले. "पण तिच्या आधारे धनकोनं अर्ज करायचा असतो. लपणाऱ्याला त्यातून संरक्षण मिळत नाही. तुमच्या माणसानं अर्धंच वाचलेलं दिसतंय."

दरम्यान वैनगंगेतल्या मृतदेहाची ओळख पटली. तो दवनीवाड्याकडचा एक किराणा दुकानदार होता. त्याच्या बायकोच्या जबाबात तीच इमारत आली, तोच जिना आला. त्यानंही फी भरली होती, त्यालाही तसाच शिक्क्याचा कागद मिळाला होता. पण लपायला तो तयार नव्हता. कोर्टाचा आदेश हातात असताना लपायचं कायले, असं म्हणून तो कागद घेऊन थेट फायनान्सच्या ऑफिसात गेला. तिथल्या पोरांनी तो कागद एकमेकांना दाखवला आणि ती हसली. तो घरी आला, दुकानाचं शटर खाली ओढलं आणि निघून गेला.

दुसऱ्या चौकशीला सल्लागार तयारीनं आला होता. तो तावातावानं म्हणाला, "मैंने किसी का बुरा नहीं किया साहब. मैं वसूली में था, मैंने देखा है लोगों को कैसे तोड़ते हैं. मैंने उनको साँस दी, छह महीने की साँस!"

यात थोडं खरं होतं, म्हणूनच लोक त्याच्याकडे जात होते. मी वाद घातला नाही. किराणावाल्याचा फोटो त्याच्यासमोर ठेवला आणि विचारलं, याला किती साँस दिली?

त्यानं फोटो उचलला नाही. पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर शिक्का कुठे बनवला, इथपासून सांगायला लागला. फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाची कलमं लागली, आरोपपत्र गेलं.

पोलिसांना खोटी माहिती दिली म्हणून मुर्रीच्या बाईवरही कारवाई करता आली असती. वरिष्ठांशी बोलून मी तिला साक्षीदार केलं. तिचा नवरा परत आला. लोकअदालतीत तडजोड झाली, मंडप विकला गेला. आता तो दुसऱ्याच्या बिछायतीवर मजुरीनं मंडप बांधतो. एकदा रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, "दिवसा बाहेर निघता येते साहेब, बस झालं."

या प्रकरणानं मला शिकवलं ते एवढंच. कायदा झाल्याची बातमी गावात लवकर पोचते, पण कायदा पोचायला वर्षं लागतात. मधल्या काळात लोक वाट पाहतात आणि वाट पाहणाऱ्याला गाठणारा कुणीतरी असतोच. अडाणी माणूस फसतो म्हणणं सोपं आहे. ही माणसं अडाणी नव्हती. त्यांनी ऐकलेली बातमी खरीच होती, फक्त त्यांच्यासाठी नव्हती.

माझ्या निवृत्तीच्या थोडं आधी किराणावाल्याची बायको मर्गच्या, म्हणजे अकस्मात मृत्यूच्या, कागदांसाठी ठाण्यात आली. दुकान आता तीच चालवत होती आणि वसुलीवाले तिच्याकडे येत होते. मी जुन्या कायद्याचं, जिल्हा न्यायालयाचं, मोफत वकिलाचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. जाताना दारात थांबली.

"साहेब, तो नवा कायदा आमच्यासाठी लागला तं सांगजा मले. मी येईन."

मी हो म्हणालो आणि तिचा नंबर लिहून घेतला. अधूनमधून त्या सरकारी वकिलांना फोन करून विचारतो. तिला फोन करण्यासारखं अजून काही घडलेलं नाही.