हिरव्या बटणातली पाचर

वटार गावात द्वारकाबाई कुणाच्या वाडीत शिरल्या की घरधनी आधी पंपाच्या खोपटाकडे नजर टाकतो. बाई चहाला आलेल्या असोत की लग्नाचं बोलावणं घेऊन, स्टार्टरचा डबा पाहिल्याशिवाय त्या परतायच्या नाहीत. हिरव्या बटणात पाचर दिसली की उपटतात आणि पिशवीत टाकतात. तिथेच ठेवली तर पाठ वळताच ती परत जागेवर बसेल, एवढी त्यांना गावाची ओळख आहे.

पाचर म्हणजे पोफळीच्या लाकडाचा बोटभर तुकडा. वीज गेली की पंप थांबतो, आणि आली की कुणीतरी जाऊन हिरवं बटण दाबावं लागतं. पहाटेच्या पाण्याला वीज तीनदा गेली तर तीनदा उठा. त्यापेक्षा बटण दाबलेलंच ठेवलं, की वीज येताच पंप आपला आपण सुरू. केळी भिजतात, पानवेल भिजते, माणूस अंथरुणात.

अकरा वर्षांपूर्वी स्वतःच्या वाडीतली पाचर द्वारकाबाईंनीच मारली होती. भाकऱ्या सोडून किती वेळा धावायचं, म्हणून. एका सकाळी वीज गेलेली पाहून त्यांचे यजमान पांडुरंगकाका पंपाच्या चाकावरून सुटलेला पट्टा चढवायला बसले, आणि वीज आली. उजव्या हाताची दोन बोटं गेली. काकांनी बायकोला शब्दानंही दुखवलं नाही. मुकाट्यानं डाव्या हातानं जेवायला शिकले. तेच बाईंना सोसेना. अपघातानंतर पंधरवड्यानं कुणी काकांच्या चौकशीला आलं, तर बाई घरात नव्हत्या. त्या सातिवलीच्या एका मोटर वाइंडिंगच्या गाळ्यात जाऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, काम शिकवा.

गाळ्याचा मिस्त्री विकी, वयानं त्यांच्या भाच्याएवढा. पहिल्या दिवशी त्यानं त्यांना शेजारच्या भंगाराच्या गोदामात नेलं. क्रेनला एक जाड लोखंडी थाळी लटकत होती. वीज सोडली तसे पत्रे, खिळे, सायकलची चाकं उडून तिला चिकटली. ट्रकवर नेऊन वीज बंद केली, तसं सगळं धाडकन खाली.

"मावशी, पकडणारं चुंबक बाजारात मिळतं," विकी म्हणाला. "हे सांगितल्यावर सोडतं. पगार त्या सोडण्याचा आहे."

लोखंडाभोवती तारेचे वेढे; वेढ्यांतून वीज वाहते तोवर लोखंड चुंबक, थांबली की पुन्हा नुसतं लोखंड. दारावरच्या घंटीत हीच युक्ती, आणि स्टार्टरच्या डब्यातही हीच. हिरवं बटण दाबलं की आतलं तारेचं वेटोळं लोखंडी पट्टी ओढून घेतं, पंपाची वीज जोडली जाते, आणि बोट काढलं तरी पकड सुटत नाही. वीज गेली की वेटोळं पट्टी सोडून देतं, आणि कुणी बटण दाबेपर्यंत पुन्हा धरत नाही. ते असं सोडून बसतं म्हणूनच पट्ट्याशी बसलेल्या माणसाचा हात शाबूत राहतो. आपण पाचर मारून नेमकं तेच त्याच्याकडून काढून घेतलं, हे त्या दिवशी बाईंना कळलं.

काम शिकून आल्यावर गावातल्या बहुतेक पाचरी त्यांनी काढल्या. राहिला शेजारचा रमेश. त्याच्या जुन्या पंपाचा पट्टा आठवड्यातून दोनदा सुटे, आणि तो चढवायची त्याची बायको मनोरमा. बाईंनी तीन पाचरी नेल्या, रमेशनं चौथी तासली. गेल्या एप्रिलमध्ये त्या सरळ खोपटात जाऊन बसल्या.

"काकी, पोफळ संपेल माझी," रमेश म्हणाला.

"संपू दे. मनोरमेचे हात किती आहेत?"

"तुम्ही पुन्हा तेच. अहो, बोट काढलं की सुटतो हा डबा. पाचर हौसेनं मारतो का मी?"

हे बाईंनी आजवर विचारलंच नव्हतं. पाचर दिसली की आळस, असं त्या धरून चालल्या होत्या. त्यांनी मुख्य स्विच बंद केला, टेस्टर लावून पाहिला, मग डबा उघडला. खाऱ्या हवेनं लोखंडाची तोंडं गंजून फुगली होती. पट्टी पुरती टेकतच नव्हती, मग पकड कशी राहणार? वेटोळंही तापून काळं पडलं होतं.

"खरं बोललास रे," त्या म्हणाल्या. "मीच ऐकलं नाही."

"लिहून द्या, काकी. गावात दाखवतो."

"आधी पाणी बाहेरून आण दोन दिवस."

दोन दिवस बाईंच्या ओटीवर काम चाललं. जुनी तार उलगडताना त्या वेढे मोजत. पांडुरंगकाका समोर बसून दर शंभराला एक सुपारी बाजूला टाकत. वेढे कमी पडले तर नवं वेटोळंही जळणार. मनोरमा दुपारी डोकावली तेव्हा काका म्हणाले, "बोलू नकोस गं, आकडा चुकला तर मला पहिल्यापासून बसवतील."

तिसऱ्या दिवशी घासून चकचकीत केलेली तोंडं आणि नवं वेटोळं डब्यात बसलं. रमेशनं बटण दाबून बोट काढलं. पट्टी 'टप' करून टेकली ती तशीच राहिली. पाणी पाटातून केळींकडे निघालं. बाईंनी मुख्य स्विच खाली केला, पंप थांबला. मग पुन्हा वर केला. खोपटातला दिवा लागला, पंप मात्र जागचा हलला नाही.

रमेश चाकाशेजारी उकिडवा बसला. "म्हणजे वीज आली की मला उठून यायला लागणार."

"तुम्हालाच," मनोरमा म्हणाली. "मी पट्टा चढवते. बटण तुमचं."

तो पुटपुटत उठला आणि त्यानं बटण दाबलं. बाई मात्र अजून निघाल्या नव्हत्या. "लाल दाब," त्या म्हणाल्या. "परत हिरवं. दहा वेळा कर. दहाही वेळा धरलं आणि सोडलं, तर मी जाते."