सारवलेली खोली

बायकोच्या दोन्ही किडन्या गेल्या हे कळलं तेव्हा मी हादरलो होतो. तेव्हापासून शहरात मशीनवर डायलिसिस करायच्या चकरा सुरू होत्या. पण तिचं डायलिसिस घरीच, पोटातून करता येईल असं दवाखान्यात सांगितलं, त्या दिवशी मला इतका आनंद झाला की परतताना एसटीत शेजारच्या अनोळखी माणसालाही मी सगळं समजावून सांगितलं. पोटात एक मऊ नळी बसवतात. पिशवीतलं औषधाचं पाणी तिच्यातून आत सोडायचं, काही तास राहू द्यायचं. रक्तातली घाण आणि जास्तीचं पाणी त्यात उतरतं. मग ते बाहेर काढायचं आणि नवी पिशवी लावायची. मशीन नाही, शहराच्या चकरा नाहीत. तो बिचारा खामगावपर्यंत हुंकार देत होता, पुढे त्याने झोपेचं सोंग घेतलं.

आनंद नुसता चकरा वाचण्याचा नव्हता. धाड गावात दिलेल्या आमच्या एकुलत्या एक मुलीला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. पण तिच्या सासूबाईंनी अगदी चांगल्या मनाने फोन केला, की तुमची तब्येत अशी, तर आम्हीच इकडे करतो सगळं. बायको फोनवर गोड बोलली आणि फोन ठेवल्याबरोबर माझ्यावर बरसली.

"माह्या पोरीचं पह्यलं बाळंतपण सासरी? काऊन? मी मेली का?"

आदल्याच दिवशी ती मशीनवरून आली होती. उठून बसायचं त्राण नव्हतं, आवाज मात्र पार बाजारापर्यंत जाईल असा. मी तसा तापट माणूस, पण त्या दिवशी मला राग आला नाही. कित्येक महिन्यांनी ती कशासाठी तरी भांडत होती.

नळी बसवली, आणि दवाखान्यातल्या सिस्टरने आम्हा दोघांना शिकवायला सुरुवात केली. हात कसे धुवायचे, तोंडाला मास्क, पंखा बंद, दार बंद, नळीच्या उघड्या तोंडाला कशाचाही स्पर्श नाही. एवढंसं काही आत गेलं तर पोटात जंतू होतील आणि पुन्हा मशीन. मी कपाशीवर फवारणी करणारा माणूस, हात धुणं मला काय शिकवता, असं मनात म्हणत होतो. पहिल्याच वेळी सिस्टरने मला परत नळाकडे पाठवलं. बायको खुदकन हसली.

"यायले अंगठा धुवाचं माहीतच नाई," ती म्हणाली.

शेवटी सिस्टर म्हणाली, "काका, घरात एक वेगळी खोली अगदी स्वच्छ करून ठेवा. मी येऊन बघेन, मगच घरी सुरू करू."

आमच्या घरात सगळीकडे फरशी आहे, फक्त कोपऱ्यातली खोली मातीची. सोयाबीनची पोती तिथेच पडलेली असायची. पण येण्याजाण्याच्या वाटेवर नसलेली तेवढीच. मी पोती हलवली, जाळी काढली, भिंतींना चुना मारला. शेजारी राहणारी माझी वहिनी पदर खोचून आली आणि तिने अख्खी खोली शेणाने सारवली. इतकं सुबक सारवण मी लग्नातही पाहिलं नव्हतं. उंबऱ्याला हळदकुंकू, मध्ये रांगोळी, कोपऱ्यात अगरबत्ती. पिशव्यांचे खोके आले तर त्यांनाही तिने कुंकू लावलं. आम्ही नव्या ट्रॅक्टरला लावतो, मग यांना का नको? मी मोबाइलवर फोटो काढून मुलीलासुद्धा पाठवला.

सिस्टर आली. मी ऐटीत दार उघडलं. ती उंबऱ्यावरच थांबली. आधी वास घेतला, मग खाली पाहिलं, आणि कपाळाला हात लावून मटकन ओट्यावर बसली.

"काका, हे शेण आहे?"

"ताजं आहे," वहिनीने अभिमानाने सांगितलं.

मग जे व्हायचं ते झालं. इथे काही सुरू करता येणार नाही म्हटल्यावर बायकोचा चेहरा उतरला आणि वहिनी फणकारली. "शेणानं सारवलेल्या जाग्यावर आमी देव बसवतो. अन् या नळीले चालत नाई?"

"देवाला चालतं, मावशी," सिस्टर म्हणाली. "पण ही नळी सरळ काकूंच्या पोटात जाते. शेणातलं जे डोळ्यांना दिसत नाही, तेही तिथून आत जाईल."

वहिनी हळूच म्हणाली, "मंग मले पह्यलेच काऊन नाई सांगतलं?"

सिस्टर म्हणाली, "चूक माझी आहे. मी स्वच्छ करा म्हटलं. तुम्ही स्वच्छ कसं करता, ते विचारलंच नाही." आता ती प्रत्येक नव्या घराला आधी तेच विचारते, असं तिने नंतर मला सांगितलं. मला त्या बाईचं फार कौतुक वाटलं, आजही वाटतं.

गवंडी दुसऱ्याच दिवशी कामाला लागला. मी त्याच्या डोक्यावर उभा, बायको माझ्या डोक्यावर. फरशी बसली, भिंतींना धुता येईल असा रंग लागला, सिस्टरने पुन्हा येऊन होकार दिला. मी पहिली पिशवी लावत होतो, आणि बायको मास्कमधून मला सूचना देत होती. भरदिवसा दार बंद पाहून गल्ली गोळा झाली, की मेलं कोण? वहिनी ओट्यावर बसून एकेकाला हाकलत होती. "हात धुतल्याबिगर इकडे फिरकू नका बे!"

काही तासांनी काढलेलं पाणी गढूळ नाही, स्वच्छ आलं, म्हणजे जंतू नव्हते. बायकोने तिथूनच मुलीला फोन लावला. "ये. कोनाले इचारू नको. ये."

मुलगी आली. बायकोने डिंकाचे लाडू वळले, बाळाची दुपटी शिवली, अधूनमधून कोपऱ्यातल्या खोलीत जाऊन पिशवी बदलून आली. सूज उतरली, तोंडाला चव आली, माझ्याशी भांडणं तर रोजची सुरू झाली. मी खूश होतो, अगदी उघडउघड खूश.

मुलीला कळा सुरू झाल्या त्या दुपारी आम्ही जीप करून खामगावला निघालो. रस्ताभर बायकोने मुलीचा हात सोडला नाही. दवाखान्यात नर्सने विचारलं, "पेशंटसोबत कोण आहे?"

मी सवयीने पुढे झालो. वर्षभर बायकोच्या दवाखान्यात हा प्रश्न आला की मीच पुढे व्हायचो. बायकोने मला कोपराने मागे सारलं आणि स्वतः पुढे होऊन म्हणाली, "मी हाय. मी माय हाय तिची."