राखून ठेवलेली अंबूबाई

पाटणच्या डोंगरात जमीन हलली तर आम्हाला त्याचं नवल नाही. हादरा आला की हातातला चहा खाली ठेवायचा, देवळापुढच्या पटांगणात जाऊन बसायचं आणि थांबला की तोच चहा येऊन प्यायचा. छपराखाली थांबू नये, हे शहाणपण आमच्याकडे तान्ह्या पोरालाही असतं.

अंबूबाईचं सगळं घर सदुसष्टच्या थोरल्या भूकंपात गेलं. शेजारची बनुबाई तेव्हा नवी नवरी होती. तिनं हातांनी माती उकरून तान्ह्या अंबूला बाहेर काढलं. पोरगी सांगलीकडे मिशनच्या वसतिगृहात वाढली, ख्रिस्ती झाली आणि मोठेपणी शाळेत खिचडी शिजवायला गावात परत आली. बनुबाई येता-जाता म्हणायची, "तुला देवानं कायतरी कामासाठी राखून ठिवलीया." गावानं चेष्टेनं तिचं नाव 'बियाण्याचं कणीस' पाडलं.

अंबूबाईनं मात्र ते मनावर घेतलं. डोंगराच्या सोंडेवरच्या आपल्या खोलीत बायबल उघडून ती प्रभूला एकच विचारायची, मला कशासाठी वाचवलंस? नर्स होता आलं नाही, संसार टिकला नाही. मला तिची कीव यायची आणि रागही यायचा. माणूस जगलं, एवढं पुरत नाही का?

त्या पावसाळ्यात पायथ्याचा झरा आधी तांबडा झाला, मग भर पावसात आटला. पारावर त्याची चर्चा झाली आणि विषय निवडणुकीवर गेला. अंबूबाईला मात्र जेवण जाईना. मला म्हणाली, "प्रभू हाक मारतोय रं. काय म्हंतोय त्येच कळंना."

त्याच आठवड्यात, रविवारी भर दुपारी जमीन गुरगुरली. सवयीनं सगळं गाव पटांगणात धावलं. बनुबाईला तिच्या फौजी मुलानं, उदयसिंहानं, उचलून आणलं. पटांगण नेमकं डोंगराच्या पायाशी होतं.

अंबूबाई सोंडेवरून धावत खाली आली आणि सगळ्यांना सोंडेवर चला म्हणू लागली. हादऱ्यात डोंगर चढायला सांगते, हिला वेड लागलंय, असं उदयसिंह खेकसला.

"आवं दादा, हादरा असता तर मांडणीवरची भांडी वाजली असती. भांडी गप हायती. डोंगर सुटलाय."

भांडी खरंच वाजली नव्हती. बनुबाईच आधी म्हणाली, "चला."

आम्ही बाजूची कातळाची सोंड चढलो. वरच्या आळीची माणसं अजून सवयीनं पटांगणाकडेच पळत येत होती, म्हणून अंबूबाई पटांगणाच्या तोंडाशीच उभी राहून एकेकाला सोंडेकडे वळवत होती. मी एकदा वळून पाहिलं. उत्तर सापडल्यासारखा तिचा चेहरा शांत होता, आणि त्याचीच मला अजून भीती वाटते.

शेवटचं माणूस वर पोचलं आणि डोंगर खाली आला. देऊळ, पटांगण, अंबूबाई, काहीच राहिलं नाही. बनुबाई त्या मातीत हात घालून बसली, तिला ओढून आणावं लागलं.

आता आम्ही पत्र्याच्या वसाहतीत राहतो. परवा शेजारच्या दीपमालाची तान्ही मोठ्या दुखण्यातून वाचली. तिला बनुबाईच्या मांडीवर ठेवत दीपमाला म्हणाली, देवानं राखली बघा. बनुबाईनं पोरीच्या कपाळावरून हात फिरवला.

"व्हय," ती म्हणाली. "पर तिला सांगू नगंस."