पाटावरची पांढरी वाळू

गणपतीचा पाट धुताना भेगेत पुन्हा एक पांढरा कण दिसला. दर वर्षी टाचणीने कोरून काढते, तरी एखादा सापडतोच. टेक्सासमधल्या फ्रिस्कोच्या या स्वच्छ किचनमध्ये मला एकदम सडक्या अंड्यांसारखा वास आला.

हा वास पहिल्यांदा आला, तेव्हा आम्ही कॅलिफोर्नियात राहायचो. विसर्जनासाठी वाळवंटातल्या एका मोठ्या तळ्यावर गेलो. आसपासच्या शेतांतून निथळलेलं खता-औषधांचं पाणी तिथे येऊन साठायचं, त्याला बाहेर पडायला वाटच नव्हती. हे सगळं नंतर कळलं. त्या दुपारी दिसला तो निळाशार समुद्र आणि पांढराशुभ्र किनारा. माणूस नाही, पक्षी नाही. पाऊल टाकलं की खाली काहीतरी कुरकुरत मोडायचं.

माझ्या नवऱ्याने, अजयने, मूर्ती तपकिरी फेसात सोडली. रीतीप्रमाणे मी किनाऱ्यावरची मूठभर वाळू पाटावर घेतली. सासूबाईंनी फोनवर बजावलं होतं, "घराच्या चारी कोपऱ्यांत टाक गं, विसरू नकोस."

घरी आल्याबरोबर टाकली. सहा वर्षांची सई पाटावरची उरलेली वाळू चिवडत बसली होती.

"आई, धिस इज नॉट सँड."

तिच्या तळहातावर माशाचा इवलासा मणका होता. पाटावर सगळी तशीच हाडं होती.

कोपरे कितीदा व्हॅक्यूम केले, तरी ते घर सोडेपर्यंत दुपारी तो वास यायचा. "तुला भास होतात यार," अजय म्हणायचा.

देवाला आम्ही तिथे सोडून आलो आणि तिथे जे मेलं होतं, ते पाटावर बसवून, मोरया म्हणत घरी आणलं.