ती खुर्चीवरून उठली का?

माझा राग अजून गेलेला नाही, आणि जाऊ द्यायचाही नाही, म्हणून लिहायला बसले. शाळेत मी कधी गेले नाही. लेकरांच्या पाट्या पुसता पुसता अक्षरं शिकले, त्यामुळं बोलते तसंच लिहिते. चालवून घ्या.

गोष्ट एका सिनेमाची आहे. जुना, काळापांढरा, स्पॅनिश भाषेतला, हसवणारा. बीडला कॉलेजात शिकणारी माझी नात सुट्टीत आली, तर लॅपटॉपसमोर एकटीच खिदळत बसलेली. मी म्हणलं, "मला बी सांग की काय चाललंय." खाली इंग्रजीत लिहून येतं, ते वाचून तिनं मला मराठीत सांगितलं. मग रोजच लावून घेत गेले. आठव्यांदा बघताना तिला म्हणलं, आता तू गप बस, मी सांगते.

एक खानावळ असते. वर भाडेकरू राहतात, खाली मालकीण राज्य करते. मालकीण परगावी जाते आणि नेमके त्याच दिवशी स्वैपाकिणीच्या पोरीचे होणारे सासरचे लोक भेटायला येतात. पोरीनं थाप मारलेली असते, की खानावळ माझ्या आईचीच आहे. मग सगळे भाडेकरू मिळून स्वैपाकिणीला मालकिणीच्या उंच खुर्चीवर बसवतात आणि स्वतः नोकर होतात. टकला मास्तर वाढपी होतो, बगळ्यासारखा लांब एक जण भांडी घासतो. काय एकेक नट हो! त्या टकल्याची नुसती भुवई हलली तरी माझं पोट दुखायचं.

पण सगळ्यात भारी ती स्वैपाकीण झालेली म्हातारी नटी. ती पहिल्यांदा खुर्चीवर बसते ना, तर नुसती कडेवर टेकते. पाठ लावत नाही. कोरडेच हात घागऱ्याला पुसत राहते. मी सोळा वर्षं ऊस तोडलाय. मुकादमाच्या ओसरीवर आम्ही अशाच टेकायचो. नात म्हणली, या नटीला जन्मभर नोकराणीचीच कामं मिळाली, नावांच्या पाटीवर तिचं नाव सगळ्यात शेवटी आहे. मी म्हणलं, म्हणूनच तिला ते टेकणं जमलं.

हे आपल्या तोडीला जाणाऱ्या बायकांनी बघायलाच पाहिजे, असं मी मनात घेतलं. बचत गटात विषय काढला. टोळ्या ज्या दिवशी निघणार त्याच दिवशी, शाळेच्या हॉलमध्ये, दुपारी दोनला ठरलं. सकाळीच सामान ट्रॉलीत भरून बायका मोकळ्या होतात. ट्रॅक्टर पाचला निघणार, सिनेमा दीड तासाचा. आवाज बारीक ठेवून सगळ्या नटांचं बोलणं मी माईकवर मराठीत बोलणार.

चूक आमचीच झाली. आमच्याकडं पाण्याच्या टाकीपासून बारशापर्यंत आमदारसाहेबांना बोलावल्याशिवाय पान हलत नाही. नाही बोलावलं तर रुसतात, आणि रुसले तर पुढचं काम अडतं. गटाच्या अध्यक्षबाई म्हणल्या, "मावशी, नुसतं नाव टाकू पत्रिकेवर. ते कशाला येतेत?" मीही मान डोलावली. त्या डोलावलेल्या मानेचाही मला राग येतो.

अडीचपर्यंत वाट बघितली. मग मीच म्हणलं, लावा. बायका काय हसल्या! शेजारची सून तर पडद्याकडं बघून ओरडली, "आगं बया, नीट बूड टेकव की!" आणि अख्खा हॉल हसला. मग ती जागा आली. मालकीण अचानक परत येते. हातात पेटी घेऊन दारात उभी. समोर पाहुणे जेवताहेत, आणि तिच्या खुर्चीवर स्वैपाकीण. बायका पुढं सरसावल्या. मी माईक तोंडाशी नेला आणि दिवे लागले. साहेब आलते.

सिनेमा थांबला. पुढच्या रांगेतल्या बायकांना उठवून मागं घातलं. साहेबांचा सत्कार, साहेबांसोबतच्या चौघांचा सत्कार, सरपंचांचा सत्कार. फेटे, शाली, नारळ. ड्रायव्हर तेवढा राहिला.

मी अध्यक्षबाईंना म्हणलं, "पंधराच मिनिटं राहिलीत. आधी ते होऊ द्या."

"मावशी, साहेब बसलेत ना!"

"मग बघतील की बसून. त्यांना काय डोळे न्हाईत?"

"हळू बोला वो."

साहेब भाषणाला उठले. म्हणाले, ऊसतोड माताभगिनींचे कष्ट मी फार जवळून पाहिलेत. इतक्या जवळून, की त्या बायका आणि पडदा यांच्या बरोबर मधी उभे होते. पाऊण तास! मग माझं नाव पुकारलं. मी माईकवरच बोलले, "मला शाल नको. पंधरा मिनिटं द्या."

साहेब हसले. "आजीबाई लई विनोदी हायेत!" टाळ्या पडल्या. टाळ्या!

तेवढ्यात बाहेर ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला. बायका उठल्या, लेकरं कडेवर घेतली आणि गेल्या. मोबाईलवर पाठवायचा होता, असं कुणी म्हणेल. कुणाच्या मोबाईलवर? मोबाईल नवऱ्याच्या खिशात. आणि त्या परक्या भाषेतलं तिथं उसाच्या फडात सांगणार कोण?

मी हॉल सोडून पळत रस्त्यावर गेले. शेजारची सून ट्रॉलीत चढून बसलेली. वरूनच म्हणली, "मावशी, ती उठली का वो खुर्चीवरून?"

"न्हाई उठली! मालकीण म्हणती, ऊठ. तर ती पाठ टेकवून बसती, आन् म्हणती, आदी पाव्हण्यांना वाढा. आन् मालकीण वाढती!"

ती हसली, पण मघासारखी नाही. पडलेल्या लेकराला उगंच समजवावं, तशी माझ्याकडं बघून हसली.

"जाऊ द्या मावशी. आमाला बरं वाटावं म्हणून सांगताव."

"आगं खरंच हाय तसं सिनेमात!"

"मालकीण वाढती व्हय! काय बी." आणि ती लेकराचं टोपरं नीट करायला लागली.

तिनं डोळ्यांनी बघितलं असतं तर मानलं असतं. त्या म्हातारीची टेकलेली पाठ बघितली असती, तर सहा महिने फडात ती म्हातारी हिच्यासोबत राहिली असती. माझ्या सांगण्यावर ती कशी विश्वास ठेवणार? गोड बोलणारी माणसं तिला कमी भेटलीत का? एक तर तेव्हाही हॉलमध्ये फोटो काढून घेत होता.

ट्रॉली हलली. मी मागं चालत ओरडत राहिले, "वाढती! मालकीणच वाढती!" पारावरची माणसं बघत होती. बघू दे.