आधीच घेतलेलं प्रायश्चित्त

ज्याने जन्मात समुद्र पाहिला नाही आणि तरी जो रोज दुपारी समुद्रावर जेवला, असा माणूस साऱ्या वऱ्हाडात एकच झाला, आणि ते माझे थोरले मामा. पोरांनो, तुम्ही विमानात डोळे मिटता आणि उघडता तेवढ्यात समुद्र मागे पडतो, म्हणून तुम्हाला मामा सांगायला हवेत.

मामांची रिसोडजवळ कपाशीची शेती होती. त्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे वाशीमचं पद्मतीर्थ. पण एकदा कापूस घेऊन अकोल्याला गेले असता एका दुकानात त्यांनी आगबोटीचं रंगीत चित्र पाहिलं आणि ते तिथेच बुडाले. मी तेव्हा अमरावतीला इंग्रजी शिकत होते. सुटीत गेले की बोटींच्या जाहिराती ते माझ्याकडून वाचून घेत. डेकवर आरामखुर्च्या असतात, चार वाजता चहा येतो, हे ऐकताना ते कीर्तनाला बसल्यासारखे हात जोडून बसत. विलायतेचं त्यांना काही नव्हतं. "तिथं उतरून काय करू? परतीच्या बोटीत बसन. बोटीत कसं हाये माय, चारी बाजूनं पाणी. कोणी हाक मारत नाही, कोणी भाव इचारत नाही."

पुढे बोट लागू नये, आधीच सवय असावी, म्हणून मामा बंगईवर, म्हणजे आपल्या झोपाळ्यावर, बसून जेवत. मांडीवर ताट, डाव्या हाताने त्याची कड धरलेली, आणि मामींनी मागून झोका द्यायचा.

"मी वाढू का ढकलू?" मामी विचारत.

"आंधी ढकल. वादळात कोणी वाढत नसते."

"मंग वादळालेच सांगा भाकरी कराले."

वरण धोतरावर सांडलं की मामा गंभीरपणे म्हणत, "आज दर्या खवळला होता."

त्या काळी आमच्याकडे समुद्र ओलांडून आलेल्याला प्रायश्चित्त घेतल्याशिवाय पंगतीत पान मिळत नसे. मामांना कुठलंही काम मागे ठेवायला आवडत नसे. परत आल्यावर लोकांना कशाला ताटकळत ठेवायचं, म्हणून त्यांनी जाण्याआधीच ते उरकायचं ठरवलं.

"अहो, पापच झालं नाही, तर धुऊ काय?" भटजींनी विचारलं.

"पेरायच्या आंधी वावर वखरतोच न आपण?"

भटजींचंही वावर होतं. त्यांनी पंचांग उघडलं. मामांनी मिशा उतरवल्या, पंचगव्य घेतलं, गावजेवण घातलं, आणि तेवढ्यात तिकडे विलायतेत लढाई सुरू झाली. मामांच्या मिशा परत आल्या, पण प्रवाशांच्या बोटी काही आल्या नाहीत. लढाई संपली तोवर मामांच्या गुडघ्यांनीही हात टेकले होते. तरी ते म्हणत, "यंदा नाही, तर पुढच्या साली."

पुढच्या साली तुमचे आजोबा विलायतेत शिकत होते आणि मला बोलावत होते. सासूबाई अडून बसल्या. "आल्यावर प्रायश्चित्त घेतो म्हणणारे लय पाह्यले म्या. कोणी घेत नाही. माह्या देवघरात अशी सून चालायची नाही."

दोन दिवसांनी मामा बैलगाडीतून आमच्या दारी उतरले, बरोबर तेच भटजी. पाणीसुद्धा न पिता ते सासूबाईंना म्हणाले, "विहीनबाई, माह्यं प्रायश्चित्त कोरं पडून हाये. ते पोरीले देतो. मंग तर झालं?"

सासूबाईंनी भटजींकडे पाहिलं. भटजी म्हणाले, "पुण्य दान देता येते. पण मामासाहेब, एकदा उदक सोडलं की तुमचं काही उरत नाही. पुन्हा घ्यावं लागन."

"मले मालूम हाये."

त्यांनी माझ्या तळहातावर पळीभर पाणी सोडलं. मग हळूच म्हणाले, "बोटीत ताट सरकते का, तेवढं पाहून ये."

मी गेले. एडनच्या पुढे समुद्र खवळला, आणि जेवताना माझं ताट खरंच सरकलं. मी नकळत डावा हात पुढे करून त्याची कड धरली. शेजारच्या मडमेचं सूप तिच्या मांडीवर गेलं.

परत आल्यावर पहिली रिसोडला गेले. मामा बंगईवर बसले होते. ती हलत नव्हती.

"सरकते, मामा," मी म्हटलं. "डाव्या हातानंच धरावं लागते."

आतून मामी आल्या, मामांच्या मांडीवर ताट ठेवलं, आणि कोणी न सांगता मागे जाऊन बंगईला हलकेच झोका दिला.